समाचाराला आलेली माणसं

"कितवी?" हा पहिला प्रश्न असायचा, चपला काढता काढता विचारलेला. शेजारच्या मुलाची इयत्ता विचारावी तसा. मी "दुसरी" म्हटलं की समोरच्याचा चेहरा जरा उतरायचा, हे मला उशिरा कळलं. बोरिवलीहून मुलुंडपर्यंत माणूस आलेला, हातात शहाळी, वाटेत मनाची तयारी वगैरे केलेली, आणि बाई नुसती दुसऱ्या स्टेजला. वर दार उघडायलाही स्वतःच आली.

मी फारशी बोलणारी बाई नाही. घाटकोपरच्या एका सहकारी बँकेत नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं आतल्या टेबलावर, जिथे गिऱ्हाइकाशी बोलावं लागत नाही. घरातही मी ऐकणारी. त्यामुळे डाव्या स्तनात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली आणि केस गेले, तेव्हा लोकांना माझ्यासारखा सोयीचा पेशंट दुसरा मिळाला नसता. मी खुर्चीत बसायचे, डोक्याला रुमाल बांधून, आणि ते बोलायचे. स्तन हा शब्द मात्र कुणी काढायचं नाही. "तिथे" म्हणायचे. आमच्या भागात सगळ्या अवयवांना नावं आहेत, त्या एकाला नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी पहिल्याच आठवड्यात आल्या. म्हणाल्या, "डावीकडे झालं ते एक बरं झालं हो. उजवा हात मोकळा राहिला. पोळ्या तरी लाटता येतील." मी हो म्हटलं. खरं तर मला तेव्हा चमचा धरायचा कंटाळा येत होता.

बँकेतली एक मैत्रीण आली. दारातच म्हणाली, "अय्या, काय मस्त बारीक झालीयेस यार. कुठलं डाएट?" मग तिला आठवलं ती कशासाठी आली आहे. म्हणाली, "तरी पण, दिसतंय छान." हिच्यावर मी रागावले नाही. बाकीचे सगळे मी मेल्यावर कशी दिसेन ते बघत होते, ही निदान आत्ताचं बघत होती.

नवऱ्याच्या ऑफिसातले एक गृहस्थ अर्धा तास धीर देऊन गेले. धीर असा होता: "आमच्याकडे डिस्पॅचला एक होता. वहिनी, तुमच्यासारखाच, एकदम धडधाकट. कळलं आणि दोन महिन्यांत खल्लास. पण तो निगेटिव्ह विचार करायचा ना. तुम्ही पॉझिटिव्ह राहा." मग त्यांनी बायकोने दिलेला लाडवांचा डबा पुढे केला आणि जाताना रिकामा डबा परत मागून घेतला. लाडू आम्हाला घाईघाईने ताटात काढावे लागले.

ट्रॉम्बेला अणुकेंद्रात नोकरी करून निवृत्त झालेले एक काका आले. त्यांनी मला रेडिएशन म्हणजे काय ते समजावलं. त्यासाठी वर्तमानपत्राच्या कडेला अणूचं चित्र काढलं, त्याच्याभोवती गोल फिरणारे ठिपके काढले. पुढच्या महिन्यात ज्या यंत्राखाली मला झोपायचं होतं त्याबद्दल ते इतक्या प्रेमाने बोलले की मला वाटलं, हे स्वतःच झोपतील माझ्याऐवजी. कांदेपोहे मात्र दोनदा घेतले.

आणि मग औषधं. लक्ष्मणफळाची पानं. गव्हांकुरांचा रस, तो वहिनींनी आमच्याच बाल्कनीत ट्रे ठेवून उगवायला सुरुवात केली, कारण त्यांच्या बाल्कनीत ऊन येत नाही. ओली हळद. आणखी एका प्राण्याचं काहीतरी, ते मी इथे लिहीत नाही. प्रत्येकाच्या ओळखीत एक बाई होती जिला मोठ्या हॉस्पिटलातून घरी पाठवलं होतं, आणि हे घेतल्यावर ती आता गरबा खेळते. एवढ्या बायका जर खरंच असत्या तर नवरात्रात मुलुंडला पाय ठेवायला जागा उरली नसती.

लिफ्टमध्ये एकदा चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, "हे पसरत नाही ना?" मी म्हटलं, कुठे? ते म्हणाले, "म्हणजे, माणसामाणसात. तसं नाही हो, घरी नातू लहान आहे म्हणून विचारलं." मी नाही म्हटलं. ते तिसऱ्या मजल्यावर उतरले आणि एक जिना चढून गेले.

पाहुणे गेले की मुलगी स्वयंपाकघरात त्यांच्या नकला करायची. ती सत्तावीस वर्षांची, अंधेरीला नोकरी. ती वहिनींसारखी पदर खोचून म्हणायची, "उजवा हात मोकळा राहिला हो," आणि मी ओट्याला धरून हसायचे. हसलं की टाके दुखायचे. तरी हसायचे. आयुष्यात मी मुलीशी एवढं कधी हसले नव्हते. तिला वाटायचं, आपली आई फार सोशिक आहे, आणि या सगळ्या येड्या माणसांमध्ये आपण दोघीच तेवढ्या शहाण्या आहोत.

आता मला ज्यासाठी हे सगळं लिहायला बसावं लागलं, ते सांगते.

केमो संपत आली असताना डॉक्टरांनी माझ्या रक्ताची एक वेगळी तपासणी करायला सांगितली होती. तिचा निकाल सांगायला त्यांनी मला आत बोलावलं तेव्हा नवरा खाली औषधं घ्यायला गेला होता. डॉक्टर म्हणाले, "तुमच्यात एक दोष आहे, तो घराण्यातून येतो. तुम्हाला मुलगी आहे ना? तिचीही तपासणी करून घ्या. तिच्यात तो निघाला म्हणजे आजार झालाच असं नाही. पण मग आपल्याला आधीपासून लक्ष ठेवता येतं. उशीर करू नका." मी हो म्हटलं. नवरा वर आला, म्हणाला, काय म्हणाले? मी म्हटलं, सगळं ठीक आहे.

मुलीचं लग्न तेव्हा नुकतंच ठरलं होतं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, तिनेच निवडलेला. बोरिवलीला राहतो, घरी फक्त आई. माझ्या आजाराचं त्यांना माहीत होतं. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की हा आजार माझ्यापाशी थांबणारा असेलच असं नाही. मी मनाशी म्हटलं, लग्न होऊन जाऊ दे. मग शांतपणे सांगू, शांतपणे तपासणी करू. आत्ता कशाला. त्याच्या आईने त्याला "अजून विचार कर" म्हटलं तर? लग्न उन्हाळ्यात होतं. मी म्हटलं, तीन-चार महिन्यांनी काय होतंय.

काय होतंय, ते मला पुरेपूर माहीत होतं. माझी स्वतःची गाठ मी तीन-चार महिनेच कुणाला सांगितली नव्हती. बँकेत वर्षअखेर होती.

माझी मावशी मी शाळेत असताना गेली. "पोटात काहीतरी झालं" एवढंच घरात सांगितलं गेलं. आजी कशाने गेली ते तेवढंही सांगितलं नाही. डॉक्टरांनी दोष म्हटला तो आईकडच्या बायकांतून मला आला. गप्प बसणंही तिथूनच आलं, आणि त्याची तपासणी कुठे होत नाही.

त्या महिन्यांत मला सगळ्यांत जास्त लागलेलं वाक्य एका दूरच्या जावेचं. ती माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तू ना, मनात फार ठेवतेस गं. मनात ठेवलं की गाठ होते." ती गेल्यावर मुलीने तिची नक्कल केली, डोळे मिटून, हात हातात घेऊन, अगदी हुबेहूब. म्हणाली, "आई, मेडिकल कॉलेजात हे शिकवत नाहीत, काय मूर्ख आहेत ना डॉक्टर लोक." मी हसले नाही. तिला वाटलं मला वाईट वाटलं. तिने मला जवळ घेतलं. मी तेव्हाही बोलले नाही.

पाडवा झाल्यावर केळवणं सुरू झाली. ज्यांच्याकडे केळवण नाही त्यांच्यासाठी सांगते, लग्नाआधी नातेवाईक मुलीला आईबापांसकट जेवायला बोलावतात, पाटाभोवती रांगोळी काढतात, औक्षण करतात, आणि इतकं वाढतात की लग्नाला शिवलेला ब्लाउज उसवावा लागतो. माझ्यासाठी आता केळवण म्हणजे समाचारच, फक्त यावेळी मी लोकांच्या घरी जायचं. रुमालाखाली केस बोटभर आले होते. बायका विचारायच्या, "हात लावून बघू?" आणि उत्तर येण्याआधी लावायच्या.

गोरेगावला नवऱ्याच्या मामी राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज खणखणीत. घरातल्या कुठल्याही समारंभात मामी कुठे बसल्या आहेत ते आधी बघून मग लोक आपली जागा ठरवतात. त्यांनी माझ्या लग्नात, अंतरपाट खाली आल्या आल्या, "नाक जरा मोठं आहे, पण चालेल" असं म्हटलं होतं. त्यांच्याकडचं केळवण रविवारी दुपारी होतं. मसालेभात, अळूची भाजी, जिलबी, मठ्ठा. मामी स्वतः वाढत होत्या. मुलीच्या पानात तिसरी जिलबी टाकताना त्या माझ्याकडे वळल्या आणि वाढण्याच्याच सुरात म्हणाल्या:

"काय गं, हे तुझं जे झालं ते आईकडून मुलीला येतं म्हणे. हिची तपासणी केलीस का?"

मामींची सून मठ्ठ्याचं भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली. "आई, अहो, केळवण आहे," ती म्हणाली.

"मग? केळवण आहे म्हणून विचारू नये? टीव्हीवर एक डॉक्टरीण सांगत होती. आई-मावशीला असेल तर मुलीने बघून घ्यावं. मी काय माझ्या मनाचं सांगते?"

वर्षभर मी जी वाक्यं ऐकली त्यांत याच्याइतकं अवेळी, अडाणी, पानावर बसलेल्या नवरीसमोर म्हटलेलं वाक्य दुसरं नव्हतं. आणि वर्षभरात कुणी विचारायला हवा होता असा प्रश्न तेवढा एकच होता.

मुलीने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत ते हसू होतं, घरी गेल्यावर ओट्यापाशी हसायचं ठेवून दिलेलं.

मी म्हटलं, "नाही हो मामी. माझं त्यातलं नाही. डॉक्टरांनी बघितलंय."

आयुष्यात मी खूप गोष्टी सांगितल्या नाहीत, पण खोटं फारसं बोललेले नाही. न सांगणं आणि खोटं बोलणं यांत मोठं अंतर आहे, असा माझा समज होता. ते त्या दुपारी एका जिलबीएवढं निघालं.

मामी म्हणाल्या, "बरंय मग," आणि माझ्या पानातही जिलबी टाकली. डायबेटिस आहे म्हटलं तर म्हणाल्या, "आता तुला काय त्याचं."

जेवण झाल्यावर मामांच्या टीव्हीचं काहीतरी बिघडलं होतं म्हणून नवरा मागे थांबला. आम्ही दोघी टॅक्सी बोलावून निघालो. पवईच्या आधी गाड्या तुंबल्या होत्या. मुलगी मामींची नक्कल करायला लागली, "आता तुला काय त्याचं," आणि मी म्हटलं, "मामी बरोबर म्हणत होत्या."

"जिलबीबद्दल?"

"तपासणीबद्दल. माझं घराण्यातलं आहे. डॉक्टरांनी तुझी तपासणी करून घ्या म्हणून सांगितलंय."

तिने विचारलं, "कधी सांगितलं?"

"केमो संपायच्या आधी."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एका टेम्पोची मागची बाजू होती. ड्रायव्हरने आरशातून आमच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हाही आपला कुणीतरी गेलेला काका काढणार. त्याने रेडिओचा आवाज थोडा वाढवला आणि रस्त्याकडे बघत राहिला. वर्षभरात मला भेटलेला सर्वांत सुसंस्कृत माणूस तो.

"म्हणजे मी त्या सगळ्यांच्या नकला करत होते," मुलगी म्हणाली, "आणि तू हसत होतीस. तेव्हा तुला हे माहीत होतं."

"हो."

"का नाही सांगितलंस?"

"लग्न होऊन जाऊ दे म्हटलं."

"कुणाला म्हटलंस?"

मी कुणालाच म्हटलं नव्हतं.

ती म्हणाली, "आई, त्या वहिनी निदान तोंडावर बोलतात गं. तुझी काय भानगड आहे?"

मग तिने तिथेच होणाऱ्या नवऱ्याला फोन लावला, स्पीकरवर. मी ऐकावं म्हणून असेल. तिने त्याला दोन-तीन वाक्यांत सगळं सांगितलं. आईचं आनुवंशिक आहे, मला टेस्ट करायचीय, पॉझिटिव्ह येऊ शकते. तो चांगला मुलगा आहे, हे मी अजूनही म्हणते. तो म्हणाला, "ओके. ऐक ना, माझ्या आईला आत्ता नको सांगूया का? म्हणजे, लग्न होऊन जाऊ दे. मग शांतपणे करू टेस्ट."

माझं वाक्य होतं ते. जसंच्या तसं, "शांतपणे" सकट. मी ते महिनोन्‌महिने मनात म्हणत होते तेव्हा ते मला समंजस वाटायचं. टॅक्सीत, दुसऱ्याच्या आवाजात, ते कसं ऐकू येतं ते कळलं. त्यापुढे वहिनींचा उजवा हात आणि मामींची जिलबी काहीच नाही.

मुलीने फोन ठेवला. म्हणाली, "तुझं आणि त्याचं छान जमेल हो. तुम्हीच करा लग्न."

मी हसले असते, पण ती गंमत करत नव्हती.

त्यानंतरचे दिवस घरात फार शांत गेले. नवऱ्याला तिनेच सांगितलं. तो माझ्यावर ओरडला नाही, फक्त माझा चहा करायचं विसरायला लागला. लग्न तिने पुढे ढकललं. मुलगा घरी आला, खाली मान घालून म्हणाला, "घाबरलो होतो." ती म्हणाली, "माहीत आहे. पण आधी रिपोर्ट येईल, मग तू तुझ्या आईला सांगशील, मग आपण तारीख बघू." त्याने आईला पुढच्याच रविवारी सांगून टाकलं. त्याच्या आईचा मला फोन आला. त्या म्हणाल्या, "आम्ही काही तसे लोक नाही हो. पण आधी कळवायला हवं होतंत." मी म्हटलं, हवं होतं. त्या काय ठरवतील ते मला माहीत नाही. त्यांनाही नसेल.

मामींनाही मी फोन केला. म्हटलं, "मामी, त्या दिवशी मी खोटं बोलले. आनुवंशिकच आहे." त्या म्हणाल्या, "मला वाटलंच. तोंड केवढंसं झालं होतं तुझं. बरं, आता रक्त देऊन आली की खजूर दे तिला. आणि तू काही जास्त रडू नकोस, तुझं नाक लगेच लाल होतं."

तपासणी अंधेरीला होती, तिच्या ऑफिसजवळ. आदल्या दिवशी ती म्हणाली, "यायचं तर ये. पण तिथे नुसती बसू नकोस. विचारतील ते सगळं सांगायचं. आईकडचं, आजीकडचं, सगळं."

तिथे एक तरुण बाई होती, तिने घराण्यात कुणाला काय झालं ते विचारलं. मी सांगत गेले. मावशी, पोटात काहीतरी. आजी, काय ते माहीत नाही, पण शेवटी शेवटी ती डावा हात अंगापासून लांब धरायची आणि कुणाला काख बघू द्यायची नाही. हे मी कधी कुणाला बोलले नव्हते. मला आठवतंय हेच मला माहीत नव्हतं. मुलगी शेजारी बसून पहिल्यांदाच ऐकत होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही, पण मध्येच एकदा विचारलं, "मावशीआजी किती वर्षांची होती?" मी म्हटलं, तुझ्याहून थोडी मोठी. ती बाई लिहीत राहिली. मग मुलीला रक्त द्यायला आत बोलावलं. मी उठले तर ती म्हणाली, "तू बस."

घरी आलो तर गेटपाशी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी भाजी घेऊन उभ्या होत्या. मुलगी पुढे निघून गेली. वहिनींनी मला थांबवलं. "लग्न पुढे ढकललंत म्हणे. तुमच्या दुखण्यामुळे का हो?"

एरवी मी म्हटलं असतं, नाही हो, हॉल मिळाला नाही.

"दुखण्यामुळे नाही," मी म्हटलं. "हे तिलाही होऊ शकतं, ते मी तिच्यापासून लपवून ठेवलं. म्हणून."

वहिनींनी मेथीची जुडी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "आमच्या नणंदेच्या मुलीचं तर साखरपुड्यानंतर मोडलं," आणि लिफ्टकडे निघाल्या. आम्ही एकत्रच वर गेलो. दुसरा मजला येईपर्यंत त्यांनी मला ती संपूर्ण हकीगत सांगितली.

रिपोर्ट अजून यायचा आहे. तिथे फोन नंबर विचारला तेव्हा मी सवयीने माझा सांगायला लागले. मुलीने मला थांबवून स्वतःचा दिला, आणि दुसरा कुणाचा द्यायचा का म्हणून विचारलं तर नको म्हणाली. आला की तिला आधी कळेल. मग मला सांगायचं का, आणि कधी, ते ती ठरवेल.